गच्ची स्वतः दुरुस्त करताय? मग डबा सगळ्यात शेवटी उघडा

गच्ची गळायला लागली की सगळ्यांकडून एकच सल्ला मिळतो, वॉटरप्रूफिंग करून घे. पण म्हणजे नेमकं काय करून घे हे कोणीच सांगत नाही. मी एका कंत्राटदाराला बोलावलं तर त्याने वर एक फेरी मारली, खाली छताला ओल कुठे आलीय ते बघितलं पण नाही आणि अख्खी गच्ची उकरून नवीन कोबा, म्हणजे स्लॅबवरचा सिमेंटचा थर, टाकायचा हिशोब हातात ठेवला. तेवढे पैसे नव्हतेच त्यामुळे विचार करायचा प्रश्नच मिटला, जे काय करायचं ते आपल्यालाच, आणि हात आखडून करायचं.

तर हे सगळं काँक्रीटच्या स्लॅबबद्दल आहे. वर डांबरी शीट चिकटवलेलं छप्पर असेल तर त्याचं थोडं वेगळं आहे, ते खाली येईलच.

माझं म्हणणं एवढंच आहे की पैसे कमी असतील तर भर वॉटरप्रूफिंगच्या डब्यावर नाही, पाणी कुठून शिरतंय ते शोधण्यावर आणि खरवडण्यावर द्यायचा. शोधायला आणि खरवडायला पैसे लागतच नाहीत, लागतो तो वेळ आणि कंबर. उलट लोक काय करतात, महागातला डबा आणतात, धुळीवर शेवाळावर तसाच फासतात, आणि पुढच्या पावसात ते सालपटासारखं निघून येतं आणि मग म्हणतात माल भिकार होता. माल चांगलाच असतो हो, धुळीला चिकटला म्हणून धुळीबरोबर निघाला.

आता शोधायचं कसं. खाली छताला जिथे डाग आहे त्याच्या बरोब्बर वर भोक असेल असं धरून चालू नका. पाणी कोब्याच्या भेगेतून आत जातं, कोबा आणि स्लॅब यांच्यामध्ये पोकळी मिळेल तिकडे, ढाळ असेल तिकडे पसरत जातं आणि मग स्लॅबला जिथे कमजोर जागा मिळेल तिथून खाली उतरतं. कधी वायरिंगच्या पाईपमधून चालत येऊन पंख्याच्या हुकातून ठिबकतं. म्हणून आधी खाली टेप घेऊन डाग कुठल्या भिंतीपासून किती लांब आहे ते मोजा, वर जाऊन तीच जागा खडूने आखा (भिंतींची जाडी धरायला विसरू नका), आणि मग त्या जागेपासून ढाळाच्या वरच्या बाजूला बघत जा. पाणी वर चढत नाही त्यामुळे चोर बहुतेक वेळा त्याच बाजूला सापडतो.

त्याआधी एक साधी गोष्ट. ओल पाऊस नसतानाही येतेय का? येत असेल तर गच्चीला कशाला शिव्या देताय, टाकी बघा, टाकीतून खाली येणारा पाईप बघा, वरच्या मजल्यावर बाथरूम असेल तर ते बघा. पाऊस पडल्यावर तासाभरात ठिबकत असेल तर भोक मोठं आहे किंवा जवळ आहे. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी ओल दिसत असेल तर पाणी आत कुठेतरी साठून मग हळूहळू झिरपतंय. आणि थंडीत छताच्या कोपऱ्यात नुसते काळे ठिपके येत असतील, तिथे हवा खेळत नसेल, तर ते बहुतेक खोलीतल्याच दमट हवेचं पाणी असतं, त्याला वरून कितीही फासा काही होणार नाही.

गच्चीवर गेलात की मधल्या मोकळ्या भागाकडे शेवटी बघा. गळती बहुतेक करून कडेला असते. म्हणजे कठड्याची भिंत आणि गच्ची जिथे मिळतात तो सांधा, पावसाळी पाईपाचं तोंड, टाकीचे आणि डिशचे पाय, गच्चीतून आरपार गेलेले पाईप, आणि कठड्याच्या डोक्यावरचा गिलावा. हा कठड्याचा माथा सगळेच विसरतात. त्याला बारीक तडे गेलेले असतात, पाणी तिथून भिंतीत शिरतं, भिंतीच्या आतून खाली येतं आणि आपण बसतो गच्चीच्या फरशीवर भेगा शोधत.

मग हातोडी घ्या, छोटी, आणि टकटक करत फिरा. जिथे कोबा स्लॅबला नीट धरून आहे तिथे टणक आवाज येतो, जिथे सुटलाय तिथे बद्द आवाज येतो, एकदा ऐकला की कळतो. बद्द वाजणाऱ्या जागा खडूने आखून ठेवा, तेवढा भाग काढावाच लागणार, त्याच्यावर काहीही लावलं तरी ते हवेतच लावल्यासारखं आहे.

तरीही खात्री होत नसेल तर पाण्याची चाचणी. साध्या पाईपने, एका वेळी एकच भाग भिजवायचा, आणि सुरुवात खालच्या बाजूने करायची. आधी पावसाळी पाईपाचं तोंड, खाली एक माणूस छताकडे बघत उभा, बराच वेळ काही झालं नाही तर मग सांध्याकडे, मग कठड्याच्या भिंतीवर, मग माथ्यावर. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि नेमकं कुठून आलं ते कळत नाही. पाण्यात थोडा रंग टाकला तर कधीकधी काम सोपं होतं, पण जाड स्लॅबमध्ये रंग गाळला जातो आणि खाली साधंच पाणी येतं, त्यामुळे रंग दिसला नाही म्हणजे गळत नाही असं नाही.

पाईपाची तोंडं बुजवून गच्चीवर पाणी तुंबवूनही बघतात, चोवीस तास ठेवून. ते करा पण वजनाचा हिशोब मनात ठेवून. 1 चौरस मीटरवर 1 सेंटीमीटर पाणी म्हणजे 10 लिटर, म्हणजे 10 किलो. वीस चौरस मीटरच्या गच्चीवर 5 सेंटीमीटर पाणी तुंबवलं की सरळ एक टन. स्लॅब जुना असेल, खालून सळया दिसत असतील तर हा खेळ नको.

आमच्याकडे डाग हॉलच्या मधोमध होता आणि पाणी शिरत होतं ते पार कोपऱ्यातल्या पावसाळी पाईपाच्या तोंडाशी. वरून बघितलं तर काही म्हणजे काही दिसत नव्हतं, जाळी बसवलेली, भोवती सिमेंटचा गोल, सगळं जागच्या जागी. जाळी काढली, छन्नीने तो गोल हळूहळू उडवला तर खाली पीव्हीसी पाईप आणि काँक्रीट यांच्यामध्ये पेन्सिल जाईल एवढी फट, अर्ध्या गोलात, आणि त्यात काळी चिकट माती भरलेली. पीव्हीसी गुळगुळीत असतं, सिमेंट त्याला धरत नाही, आणि वर प्लास्टिक उन्हाने फुगतं आक्रसतं ते काँक्रीटपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे नुसत्या सिमेंटने भरलेला सांधा उघडणारच. अख्ख्या गच्चीचं पाणी त्याच तोंडाकडे येतं म्हटल्यावर अजून काय पाहिजे.

तिथे केलं ते असं. फट साफ केली, तारेच्या ब्रशने माती काढली, पाईपाचा जेवढा भाग दिसत होता तो सँडपेपरने खरखरीत केला, पूर्ण वाळू दिलं, मग खाली फोमची दोरी दाबून बसवली आणि वर पॉलियुरेथेन सीलंट बंदुकीने भरलं. ती दोरी कशाला तर सीलंट खोलवर जाऊन वाया जाऊ नये आणि ते फक्त दोन बाजूंना चिकटावं, तळाला नाही. तळालाही चिकटलं तर सांधा उघडताना ताणायला जागा राहत नाही आणि ते फाटतं. सिलिकॉन वापरू नका, स्वस्त आणि सहज मिळतं म्हणून मोह होतो, पण सिलिकॉनवर नंतर कुठलंच कोटिंग धरत नाही आणि ते खरवडून काढणं म्हणजे जन्माची शिक्षा.

आता भेगांबद्दल. भेगा दोन जातीच्या. एक केसासारखी, वर्षानुवर्षं तेवढीच असणारी, ती कोटिंग आणि फायबरच्या जाळीने झाकली जाते. दुसरी हलणारी, उन्हात मिटते गारव्यात उघडते. काँक्रीट हलतं हो, दहा मीटर लांबीच्या स्लॅबचं तापमान 30 अंशांनी बदललं तर लांबीत साधारण 3 मिलिमीटरचा फरक पडतो, आणि उघड्या गच्चीवर दिवसा रात्री एवढा फरक काही मोठी गोष्ट नाही. त्यामुळे अशा भेगेत सिमेंट भरलं की ते शेजारी पुन्हा तडकतं. तिला छन्नीने व्ही आकारात उघडायचं, सेंटीमीटरभर रुंद, तेवढीच खोल, धूळ ब्रशने आणि फुंकून काढायची, आणि लवचिक सीलंट भरायचं. केसासारख्या भेगेला मात्र उगाच खोदू नका.

बद्द वाजणारा कोबा काढून झाला की तिथे पॅच करायचा. कडा तिरक्या निमुळत्या सोडू नका, सरळ उभ्या कापा, नाहीतर पॅचची कड पातळ राहते आणि तीच आधी उचलते. खालचं काँक्रीट भिजवून घ्या पण पाणी साचलेलं नको, नुसतं ओलसर. मग एसबीआर लेटेक्स (सिमेंटचा चिकटपणा वाढवणारं दुधासारखं द्रावण) आणि सिमेंटची पातळ पेस्ट ब्रशने घासून लावा, डब्यावर लिहिलंय त्या प्रमाणात, आणि ती चिकट असतानाच वर एकास तीन माल (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) दाबून भरा. पेस्ट वाळली तर गेली, मग ती चिकटवायच्या ऐवजी मध्ये एक पापुद्रा बनून बसते. याच मालाने कठड्याच्या सांध्याला वाटा करून घ्या, म्हणजे कोपऱ्यात तिरका गोलसर भराव, साधारण 5 सेंटीमीटर, पाणी सांध्यात बसत नाही आणि नंतर जाळी पण काटकोनात न दुमडता छान वळते. वाटा करायला माल फार लागत नाही आणि अख्ख्या कामात त्याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा झाला असेल असं मला वाटत नाही. आणि पॅच केल्यावर आठवडाभर ओला ठेवा, गोणपाट टाकून. हे कंटाळवाणं आहे माहितीये.

ढाळ बघायला विसरू नका. निदान मीटरला एक सेंटीमीटर तरी उतार पाहिजे. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी जिथे डबकं उरतं त्या जागा आखा, तिथे पातळ भर घाला पॉलिमर घातलेल्या मालाची, कारण पुढे जे स्वस्त कोटिंग लावणार आहात त्याला साचलेलं पाणी सोसत नाही.

कोटिंगकडे येऊ. हात आखडता असेल तर सरळ हिशोब असा. ॲक्रिलिक, पाण्यातलं, वापरायला सोपं, उन्हाला टिकतं, पांढरं घेतलं तर खालची खोली थोडी गार पण राहते, पण डबकं साचलं की मऊ पडतं. पॉलियुरेथेन साचलेलं पाणी जास्त सोसतं, पण महाग, आणि लावताना खाली ओल असली की फुगे धरतं. दोन भागांचं सिमेंट-पॉलिमर ओलसर पृष्ठभागावर चालतं, स्वस्तात बसतं, पण लवचिकपणा कमी आणि उघडं ठेवायचं असेल तर कंपनी ते चालेल म्हणते का हे डब्यावर वाचावं लागतं. डांबरी सोल्यूशन सगळ्यात स्वस्त, पण ऊन लागलं की कडक होऊन तडकतं, त्याच्यावर काहीतरी झाकण पाहिजे, आणि एकदा डांबर लावलं की पुढे त्याच्यावर ॲक्रिलिक नीट बसत नाही, तपकिरी डाग वर येतात. म्हणून स्वस्त म्हणून डांबर घेताना पुढच्या दहा वर्षांचा विचार करून घ्या. ढाळ चांगला असेल तर मी डोळे मिटून ॲक्रिलिक घेईन. डबकी जात नसतील तर फक्त पाईपाच्या तोंडाभोवती आणि डबक्याच्या भागात पॉलियुरेथेन, बाकी ॲक्रिलिक, पण दोन्ही एकमेकांवर चढतात का ते आधी छोट्या तुकड्यावर बघून.

किती लागेल हे दुकानदाराला विचारू नका, स्वतः मोजा. एक लिटर माल एका चौरस मीटरवर पसरला की ओला थर बरोबर 1 मिलिमीटरचा होतो. त्यातलं पाणी उडून गेलं की निम्म्याच्या आसपास उरतो, कमी जास्त. म्हणजे वाळून अर्धा मिलिमीटर हवा असेल तर दर चौरस मीटरला साधारण एक लिटर लागणार, दोन तीन हातात मिळून. आता कोणी सांगितलं की एका लिटरमध्ये आठ चौरस मीटर होतं, तर तो रंगाबद्दल बोलतोय, वॉटरप्रूफिंगबद्दल नाही. पैसे वाचवायला थर पातळ करू नका, त्यापेक्षा क्षेत्र कमी करा. सांधे, कडा, तोंडं आणि पॅच एवढंच या वर्षी नीट करा, मधला भाग शाबूत असेल तर पुढच्या वर्षी. हे मी अगदी ठासून सांगेन कारण दहापैकी नऊ जण उलटं करतात, मधला मोकळा भाग चकाचक आणि कोपऱ्यात ब्रश पोचलेलाच नाही.

लावायच्या आधी शेवाळ घासून काढा, मऊ पडलेला जुना रंग खरवडा, धुवा, आणि वाळू द्या. वाळलंय का ते बघायला दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा चारी बाजूंनी टेप लावून चिकटवा, रात्रभर ठेवा, सकाळी आतून थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट झालं तर अजून ओल आहे, थांबा. वरून कोरडं वाटणारं काँक्रीट आतून भिजलेलं असतं, आणि त्याच्यावर कोटिंग टाकलं की ऊन लागून आतल्या ओलीची वाफ होते आणि फोड येतात.

वेळ पण महत्त्वाची. सकाळी स्लॅब तापत जातो, त्याच्या छिद्रातली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या थरात टाचणीएवढी भोकं पाडते. ऊन उतरायला लागल्यावर लावलं तर हे कमी होतं. पण फार उशीर केला तर थर वाळायच्या आत दव पडतं आणि ॲक्रिलिक धुऊन जातं. त्यामुळे दुपार कलायला लागली की सुरू करायचं आणि दव पडायच्या बरंच आधी उरकायचं, मोठी गच्ची असेल तर भाग पाडून. पहिला हात पातळ करून, प्रायमरसारखा, डब्यावर चालतं म्हटलं असेल तर. दुसऱ्या हातात ओल्यातच सांध्यांवर आणि भेगांवर फायबरची जाळी किंवा पॉलिएस्टर कापड बसवायचं, ब्रशने दाबून, सुरकुती आणि हवा न राहता, दोन तुकडे हातभर नाही पण निदान चार बोटं एकमेकांवर चढवून. वाट्यावरून कठड्यावर वीतभर वर घ्या. तिसरा हात दुसऱ्याच्या आडव्या दिशेने, म्हणजे सुटलेल्या जागा भरतात. रोलर मोकळ्या भागाला ठीक, कोपऱ्यात ब्रशच.

डांबरी शीट असेल तर फुगलेला फोड कटरने फुलीसारखा कापा, चारी पाकळ्या उलटा, आत पूर्ण वाळू द्या, डांबरी चिकट मलम लावून पाकळ्या दाबून बसवा, आणि वर त्याच शीटचा तुकडा, फोडाच्या चारी बाजूंनी 10 ते 15 सेंटीमीटर पुढे जाईल असा. तुकड्याचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरे आधी उचलतात. गॅसच्या बर्नरने शीट चिकटवायचं काम मात्र घरी करू नका, ते शिकलेल्या माणसाचंच काम आहे, आगी लागतात त्यात.

आणि काही ठिकाणी हे सगळं करूच नका. खालून काँक्रीटचे पोपडे पडून गंजलेल्या सळया दिसत असतील, स्लॅब मधोमध खाली झुकलेला वाटत असेल, बीमला तिरके तडे असतील तर तो वॉटरप्रूफिंगचा विषय उरलेला नाही, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतूनच काँक्रीट फोडतो, तिथे स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवायचेच पैसे काढा. दिव्याच्या पॉइंटमधून पाणी येत असेल तर आधी मेन स्विच बंद. आणि कठडा बुटका असेल तर कडेला पाठमोरे सरकत काम करू नका, हे वाचताना हास्यास्पद वाटतं पण ब्रश मारत मागे मागे जाताना भान राहत नाही.

मध्येच पाऊस आला आणि काम अर्धवट असेल तर ताडपत्री टाका, पण ती कठड्यावरून पलीकडे सोडा, गच्चीवरच संपवली तर कडेने पाणी खाली शिरून उलट अडकून बसतं. खिळे मारू नका, वाळूच्या पिशव्या ठेवा.

सगळं झालं की लगेच छत रंगवायला घेऊ नका. स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी निघायला काही आठवडे लागतात, आणि त्या काळात डाग दिसतच राहतो, कधी पिवळी कड अजून गडद होते, त्याला घाबरू नका. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, बाजूला तारीख लिहा. एक दोन दणकून पाऊस झाले आणि डाग रेघेच्या आतच राहिला तर मग पांढरी भुकटी, क्षार, सुटलेले पोपडे कोरडेच खरवडा (ओल्या फडक्याने पुसले की क्षार परत आत जातात), प्रायमर मारा आणि रंग द्या. डाग रेघेबाहेर गेला तर रंगाचे पैसे राखून ठेवा आणि पाईप घेऊन पुन्हा वर जा, या वेळी पाणी जरा जास्त वेळ सोडा, आणि कठड्याच्या माथ्यावर राहिलेली एखादी भेग तरी नाहीये ना ते आधी बघा.